पाण्यात आरएनए बनला तरी कसा?

नारिंगी_रंग

मी आरएनएचे तुकडे बनवते. संशोधनासाठी लागणारे, साधारण वीस-बावीस घटकांचे. घटक म्हणजे न्यूक्लिओटाइड: एक साखर, एक फॉस्फेट आणि एक बेस, म्हणजे जनुकीय 'अक्षर'. साखळी जोडायचं काम यंत्र करतं. यंत्रात पाणी शिरू न देणं हे माझं काम. अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकाच्या बाटलीत पाणी शोषणारे मॉलिक्युलर सीव्ह, वर आरगॉन, आणि वापरण्याआधी कार्ल फिशर यंत्रावर पाण्याचं मोजमाप. ३० पीपीएमच्या वर आकडा गेला की ती बाटली आरएनएसाठी बाद. जुलैत बाहेर पावसाने धरलं की खरी परीक्षा. प्रत्येक फेरीत सुटणारा ट्रायटिल या तात्पुरत्या झाकणाचा नारिंगी रंग फिका पडायला लागला, की समजायचं कुठल्या तरी नळीतून दमट हवा आत आली. जोडणी ९९ टक्क्यांवरून ९८ वर घसरली तर ऐकणाऱ्याला काहीच वाटत नाही. पण ४० घटकांच्या साखळीत ३९ जोडण्या असतात, आणि तेवढ्या एका टक्क्याने पूर्ण लांबीचा माल ६८ टक्क्यांवरून ४५ वर येतो.

दुसरं दुखणं रायबोजच्या, म्हणजे आरएनएतल्या साखरेच्या, दुसऱ्या कार्बनवरचं हायड्रॉक्सिल (OH गट). डीएनएत ते नसतं, म्हणून डीएनए बनवायला सोपा. आरएनए बनवताना तो गट सिलिल या संरक्षक गटाने झाकून ठेवायचा आणि सगळ्यात शेवटी उघडायचा. उघडला की तोच गट शेजारच्या फॉस्फेटवर चाल करून साखळी तोडू शकतो. द्रावण अल्कधर्मी आणि गरम असेल तर फार वेळ लागत नाही.

आरएनए आधी आला, प्रथिनं आणि डीएनए नंतर, हे मला पूर्ण पटतं. १९८२ मध्ये थॉमस चेक यांना टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाचा आरएनए स्वतःलाच कापून जोडताना सापडला. पाठोपाठ सिडनी आल्टमन यांनी आरएनेज-पी या विकरात (एन्झाइममध्ये) कापण्याचं काम आरएनएच करतो हे दाखवलं. १९८९ चं नोबेल दोघांना मिळालं. त्याहून मोठा पुरावा मला पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा वाटतो. २००० मध्ये त्याची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली, तेव्हा अमिनो आम्लं जिथे एकमेकांना जोडली जातात त्या जागी प्रथिन नव्हतंच. होता तो आरएनए. आजही आपल्या शरीरातलं प्रत्येक प्रथिन आरएनए जोडून देतो. याच कामासाठी २००९ चं नोबेल मिळालेल्यांत चिदंबरममध्ये जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन होते.

म्हणून माझा प्रश्न 'आरएनए आधी का' हा नाही. 'कसा' हा आहे. दोन न्यूक्लिओटाइड जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. सगळीकडे पाणीच असेल तर तो बाहेर पडणार कशाला? हाल्डेन यांनी १९२९ मध्ये आदिम समुद्राला गरम, पातळ सूप म्हटलं. गरम आणि पातळ, या दोन्ही गोष्टी माझ्या अनुभवात आरएनएच्या विरोधात जातात. तिथे विकर नाही, सिलिल नाही, कोरडं अ‍ॅसिटोनायट्राइल तर नाहीच.

'कोट्यवधी वर्षं हाताशी होती, कधीतरी जुळलं असेल' हे उत्तर कृपया नको. तेवढाच वेळ साखळी तुटायलाही मिळतो. कुणी या रसायनशास्त्रात काम केलं असेल तर तपशिलात सांगा. मला प्रक्रिया समजून घ्यायची आहे.

बारावी_ब

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. जीवनाच्या उगमाच्या धड्यात ओपारिन आणि हाल्डेन यांची आदिम सूपची कल्पना, मग मिलरचं उपकरण, इथवर गाडी नीट जाते. वॉटसन-क्रिक यांचा डीएनएवरचा लेख २५ एप्रिल १९५३ चा आणि मिलरचा १५ मे १९५३ चा, मधे जेमतेम तीन आठवडे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. मिलरला त्या उपकरणात साध्या वायूंमध्ये ठिणग्या सोडून अमिनो आम्लं मिळाली. पुढे ह्युस्टनला जोन ओरो यांनी अमोनियम सायनाइडचं द्रावण तापवून अ‍ॅडेनिन मिळवलं. अ‍ॅडेनिनचं सूत्र C₅H₅N₅, म्हणजे हायड्रोजन सायनाइडचे बरोबर पाच रेणू. हे सांगितलं की मुलांचे डोळे चमकतात. एवढ्या साध्या विषारी वायूतून आपल्या जनुकांचं एक अक्षर!

पण अक्षरांची साखळी कशी झाली, हे एका मुलीने विचारलं तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. धागा वाचतोय.

खोलपाणी

उथळ पाण्याकडे बघताय म्हणून अडचण वाटते. समुद्रतळ बघा. २००० मध्ये अटलांटिकच्या तळाशी 'लॉस्ट सिटी' सापडलं, पांढऱ्या कार्बोनेटच्या उंच चिमण्या. तिथलं पाणी ४० ते ९० अंश, पीएच ९ ते ११, सोबत हायड्रोजन वायू. मायकेल रसेल, विल्यम मार्टिन, निक लेन यांचं म्हणणं असं, की चिमणीच्या छिद्रांत आतलं अल्कधर्मी पाणी आणि बाहेरचा आम्लधर्मी आदिम समुद्र यांच्यामधला प्रोटॉनचा फरक आयती ऊर्जा देत होता. आजची प्रत्येक पेशी अशाच फरकावर जगते. पातळपणाचं म्हणाल तर अरुंद छिद्राची एक बाजू गरम आणि एक थंड असली की रेणू थंड कोपऱ्यात साचतात. म्युनिकच्या गटाने २००७ मध्ये हे गणिताने मांडलंय. आधी चयापचय, मग आरएनए, असा क्रम धरा.

चिकणमाती

ताई, मी जर्मनीत याच विषयात पीएच.डी. केली. तुम्ही विचारलंय तोच या क्षेत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. सॉल्क इन्स्टिट्यूटच्या लेस्ली ऑर्गेल यांनी त्यावर कित्येक दशकं काम केलं. सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे उघडा समुद्र सोडून द्या. डार्विनने १८७१ मध्ये हूकर यांना लिहिलेल्या पत्रातसुद्धा समुद्र नाही, एक छोटंसं कोमट तळं आहे. तळं आटतं. ही एकच गोष्ट माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची.

आता दोन कामं वेगळी करू: न्यूक्लिओटाइड बनणं, आणि ती जोडली जाणं.

बनण्याबद्दल जुना विचार असा होता, की बेस वेगळा बनेल, रायबोज वेगळा, मग फॉस्फेट, आणि तिन्ही एकत्र येतील. हा मार्ग प्रत्येक पायरीवर अडतो. फॉर्माल्डिहाइडपासून साखर बनते हे बुटलेरोव्ह यांनी १८६१ मध्येच दाखवलं, पण त्या काळपट मिश्रणात साखरेचे अनेक प्रकार निघतात आणि रायबोज नावापुरता असतो. तो टिकतही नाही. स्टॅन्ली मिलर यांनीच १९९५ मध्ये सहकाऱ्यांसोबत मोजलं: पीएच ७ ला, १०० अंशांवर रायबोज ७३ मिनिटांत निम्मा उरतो, शून्य अंशावर ४४ वर्षांत. त्यातून सायटोसिन आणि युरॅसिल तर रायबोजला सरळ जोडले जातच नाहीत. अनेकांनी याच टप्प्यावर आशा सोडली होती.

२००९ मध्ये मँचेस्टरला पाउनर, गेरलँड आणि सदरलँड यांनी रायबोज आणि बेस वेगवेगळे बनवायचंच टाळलं. सायनामाइड आणि ग्लायकोलअल्डिहाइड यांच्यापासून आधी २-अमिनोऑक्साझोल. त्यात अर्धी साखर आणि अर्धा बेस आधीच एकमेकांना चिकटलेले. मग ग्लिसराल्डिहाइड, मग सायनोअ‍ॅसिटिलीन, शेवटी फॉस्फेट. आणि फॉस्फेट फक्त शेवटी उपयोगी पडत नाही. पहिल्या पायरीपासून भांड्यात असेल तर पीएच सांभाळतो आणि नको त्या वाटा बंद ठेवतो. नंतर अतिनील प्रकाश दिला की नको असलेले उपपदार्थ बरेचसे नष्ट होतात आणि थोड्या सायटिडिनचं युरिडिन होतं. ओझोनचा थर नसलेल्या पृथ्वीवर अतिनील प्रकाशाला तोटा नव्हता.

शेवटी हाती येतं ते तुमच्या ओळखीचं आहे: २',३'-सायक्लिक फॉस्फेट, म्हणजे साखरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनला मिळून वलयात बसलेलं फॉस्फेट. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) तुटक्या मालात तुम्हाला दिसत असेल तेच. हायड्रॉक्सिलने फॉस्फेटवर चाल केली की मागे उरतं ते. तुमच्या कामात तो कचरा, पण त्या लहानशा वलयात ताण असतो, म्हणजे थोडी ऊर्जा बांधलेली असते. ते वाळवलं की उलटी जोडणी होऊ शकते. ऑर्गेल यांच्या गटाने १९७३ मध्ये अ‍ॅडेनोसिनच्या सायक्लिक फॉस्फेटपासून कोरड्या अवस्थेत, अमाइनच्या मदतीने, छोट्या साखळ्या मिळवल्या होत्या. ज्या अभिक्रियेने साखळी तुटते तीच कोरड्यात साखळी जोडते. पाणी किती आहे त्यावर दिशा ठरते.

जोडणीचे मुख्य रस्ते मला दोन दिसतात. एक, न्यूक्लिओटाइड आधीच सक्रिय करून ठेवणं, म्हणजे जोडणीसाठी लागणारी ऊर्जा त्यातच बांधून ठेवणं. आज पेशी ट्रायफॉस्फेट वापरते, तुम्ही यंत्रात अ‍ॅमिडाइट या सक्रिय रूपातले घटक वापरता. या प्रयोगांत फॉस्फेटवर इमिडाझोल हा सहज सुटणारा गट लावतात. मग पाण्यातसुद्धा जोडणी होते. जेम्स फेरिस यांनी १९९६ मध्ये माँटमोरिलोनाइट मातीवर असे सक्रिय घटक रोज थोडे थोडे घालत ४०-५० घटकांपर्यंत साखळ्या वाढवल्या. ही माती ज्वालामुखीची राख पाण्यात कुजून बनते, म्हणजे तेव्हाच्या पृथ्वीवर सहज मिळणारी. इतका बारीक थर, की एक ग्रॅम मातीत शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग. मी तिच्यावर काम केलंय आणि तिच्याबद्दल मला अजूनही प्रेम आहे.

दुसरा रस्ता ओलं-कोरडं चक्र. कॅलिफोर्नियाचे डेव्हिड डीमर हा रस्ता गेली अनेक वर्षं लावून धरतायत: गरम झऱ्याच्या काठावरचं डबकं आटतं, पुन्हा भरतं. मेदाम्लांचे थर वाळताना न्यूक्लिओटाइड त्यांच्यामधे दाबले जाऊन ओळीने बसतात, पाणी उडून जातं, बंध तयार होतो. पुन्हा ओलं झालं की तेच थर फुगून पोकळ पुटिका होतात आणि साखळ्या आत अडकतात. जोडणी आणि पेशीसारखी पिशवी, दोन्ही एकाच चक्रात. डीमर यांच्यासोबत या प्रयोगांवर काम केलेल्या सुधा राजमणी आज पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत जीवनाच्या रासायनिक उगमावर प्रयोगशाळा चालवतात. त्यांच्या गटाने लडाखच्या गरम झऱ्यांचं पाणी आणूनही प्रयोग केले आहेत, कारण शुद्ध पाण्यात जमणारी गोष्ट क्षार असलेल्या खऱ्या पाण्यात जमेलच असं नाही.

याच गटाने एक महत्त्वाची अडचण दाखवून दिली. आम्लधर्मी, गरम, ओलं-कोरडं चक्र चालवलं तर साखळीचा कणा बनतो, पण त्यावरचे बेस गळून जातात. साखळी आहे आणि तिच्यावर मजकूर नाही. ज्यांनी आधी फक्त लांबी मोजली होती त्यांना हे दिसलं नव्हतं. कामाचा असा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

@खोलपाणी, प्रोटॉनच्या फरकाचं तुमचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. चयापचयाचा उगम कदाचित तिथून समजेल. पण समुद्रतळावर काहीच कधी वाळत नाही, आणि अतिनील प्रकाश पोचत नाही.

नारिंगी_रंग

चिकणमाती, मनापासून आभार. सायक्लिक फॉस्फेटचं वाचून मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या. आलेखातला तो पीक (उंचवटा) मी 'माल खराब झाला' या एकाच अर्थाने बघत आले आहे.

बेस गळण्याचं आम्हालाही माहीत आहे. डीएनए बनवताना ट्रायटिल काढायला जे आम्ल देतो ते जास्त वेळ राहिलं तर अ‍ॅडेनिन गळतं. आरएनएत हे कमी होतं, कारण तेच दुसऱ्या कार्बनवरचं ऑक्सिजन तिथला बंध घट्ट ठेवतं. म्हणजे जो गट कणा तोडतो तोच बेस धरून ठेवतो.

खोलपाणी, ९० अंश आणि पीएच ११ मध्ये मी आरएनए ठेवला तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे न्यूक्लिओटाइडच उरतील. चयापचय आधी मानलं तरी आरएनएचा प्रश्न तिथे सुटत नाही.

आता दोन शंका. आम्लात बेस जातात, अल्कलीत कणा जातो. मग तळं नेमकं कसं हवं? आणि फॉस्फेट. तुम्ही 'पहिल्या पायरीपासून भांड्यात' म्हणालात. पण कॅल्शियम दिसलं की फॉस्फेट खाली बसतं. निसर्गात एवढं विरघळलेलं फॉस्फेट आणायचं कुठून?

कातळ

फॉस्फेटचं मी सांगतो, भूविज्ञान हा माझा विषय, आणि इथे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा संबंध येतो.

फॉस्फेट कॅल्शियमबरोबर अ‍ॅपॅटाइट होऊन दगडात अडकतं, हे बरोबर. त्यावरचा उपाय सोडा-सरोवरांत सापडतो. ज्या सरोवराच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर, तिथे कार्बोनेटच कॅल्शियमला आधी पकडून खाली बसवतं, आणि फॉस्फेट मोकळं राहून पाणी आटेल तसं साठत जातं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टोनर आणि कॅटलिंग यांनी २०२० मध्ये हे मांडलं. त्यासाठी त्यांनी पाहिलेल्या सरोवरांमध्ये कॅलिफोर्नियाचं मोनो, केनियाचं मगाडी, आणि आपलं लोणार आहे. अशा काही सरोवरांत फॉस्फेट समुद्राच्या हजारो पट असतं.

लोणारचं पाणी पीएच १० च्या आसपास. काठावर क्षाराचा पांढरा थर बसतो. दल्ला, पापडी अशी त्याची नावं जुन्या गॅझेटियरमध्ये आहेत, पूर्वी तो गोळा करून विकत. पण लोणारला कुणी जीवनाचं जन्मस्थान समजू नये. तो कातळच साडेसहा कोटी वर्षांचा, विवर त्याहून खूप अलीकडचं, आणि जीवसृष्टी किमान साडेतीनशे कोटी वर्षं जुनी. लोणारवरून फक्त पाण्याचं रसायन समजतं. बेसाल्ट, बंदिस्त खोलगट जागा, बाष्पीभवन: हे तिन्ही घटक आदिम पृथ्वीवर होते, विवरं तर आजच्यापेक्षा कितीतरी जास्त.

पीएचबद्दल: तेव्हाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड खूप होता. तो विरघळून तीच सरोवरं पीएच ६.५ ते ९ च्या दरम्यान राहिली असती, असं त्याच अभ्यासात आहे. ताईंच्या पहिल्या शंकेचं बरंचसं उत्तर यात येतं.

आणखी एक. 'वाळायला जमीन तरी होती का' हा आक्षेप नेहमी येतो. मोठी खंडं बहुधा नव्हती, पण ज्वालामुखीची बेटं होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबाराच्या ३४८ कोटी वर्षं जुन्या थरांत गायझराइट सापडलंय, २०१७ चा अभ्यास. हा सिलिकेचा खडक जमिनीवरच्या गरम झऱ्याकाठीच बनतो, आणि त्याच थरांमध्ये सूक्ष्मजीवांच्या खुणा आहेत. पाणी तर त्याच्याही आधीचं: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच जॅक हिल्सचे, पाण्याची खूण जपलेले झिरकॉन या खनिजाचे कण ४४० कोटी वर्षांपर्यंत मागे जातात.

बारावी_ब सर, तुमच्या वर्गासाठी: बेन्नू लघुग्रहाचे १२१.६ ग्रॅम नमुने सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आले. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं, की त्यात डीएनए-आरएनएचे पाचही बेस आहेत आणि प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं. त्याहून मला भावलं ते वेगळं. त्यात ट्रोना (सोडियम कार्बोनेटचं खनिज) आणि सोडियमयुक्त फॉस्फेटसुद्धा आहेत, खारं पाणी आटून मागे राहतात तशी खनिजं. म्हणजे सोडा-सरोवरासारखं पाणी एका लघुग्रहाच्या पोटातही कधीतरी आटलेलं आहे.

बारावी_ब

कातळ सर, नोंद करून घेतली. आमच्या गावापासून लोणार एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. या वर्षी सहल तिकडेच न्यायची आणि काठावर उभं राहून अ‍ॅपॅटाइटचं हे सगळं सांगायचं.

नारिंगी_रंग

कातळ, खूप उपयोगी. शेवटचा प्रश्न, मग मी थांबते. सिलिलने न झाकता जोडणी झाली तर फॉस्फेट कधी साखरेच्या ३' (तिसऱ्या) कार्बनला बसेल, कधी २' (दुसऱ्या) ला. माझ्या मालात नेहमीच्या ३'-५' ऐवजी २'-५' बंध निघाला तर तो सगळा लॉट परत जातो. तळ्यातल्या आरएनएचं काय? असा सरमिसळ बंधांचा आरएनए काही काम करू शकतो का?

चिकणमाती

करू शकतो. जॅक शोस्टाक या शास्त्रज्ञाच्या गटाने २०१३ मध्ये नेमकं हेच तपासलं. रायबोझाइममध्ये (विकराचं काम करणाऱ्या आरएनएमध्ये) आणि विशिष्ट रेणू पकडून ठेवणाऱ्या आरएनएमध्ये काही बंध मुद्दाम २'-५' ठेवले. क्षमता कमी झाली, पण काम चालू राहिलं. आणि एक फायदा निघाला. अशा बंधांमुळे दुहेरी साखळी कमी तापमानाला सुटते. निखळ ३'-५' बंधांची लांब जोडी एकदा जुळली की इतकी घट्ट बसते की विकराशिवाय सुटी होणं अवघड, आणि सुटी झाली नाही तर पुढची प्रत निघत नाही. सरमिसळ बंध असतील तर उन्हाने तापलेल्या डबक्यात ती सुटू शकते. शिवाय पाण्यात २'-५' बंध ३'-५' पेक्षा लवकर तुटतो. म्हणून तोडणं आणि पुन्हा जोडणं अशी अनेक चक्रं झाली, तर साखळीत ३'-५' चं प्रमाण हळूहळू वाढत जातं; सदरलँड यांच्या गटाने या दिशेने प्रयोग केले आहेत.

तुमच्याकडे असा परत आलेला लॉट पडून असेल आणि परवानगी मिळत असेल, तर त्याच क्रमाच्या शुद्ध मालाशेजारी ठेवून दोघांचा वितळबिंदू, म्हणजे दुहेरी साखळी सुटते ते तापमान, घेऊन बघा. आकडे इथे टाका.